फळीत धातू नाही

आमच्या सुतारशाळेच्या रजिस्टरमधली नोंद अशी आहे:

"सदस्य क्र. ३१ (श्री. कल्याण, विज्ञान शिक्षक) हे थिकनेस मशीनवर लिंबाची फळी चालवत असता फळी उलट दिशेने बाहेर आली. पाती निकामी. एका व्यक्तीस मुका मार. मशीन बंद."

रकाना दोन ओळींचा आहे आणि भावनाताईंचं अक्षर बारीक आहे, त्यामुळे एवढं बसलं. माझी तक्रार नाही. फक्त त्या 'असता' शब्दात माझे सहा आठवडे दडपले गेलेत. ते कुठे तरी मांडायला हवेत, म्हणून इथे मांडतो.

आधी मशीन. नाही तर ऐकणाऱ्याला वाटतं मी गिरणीत काही तरी केलं. थिकनेस मशीन म्हणजे एक लोखंडी पेटी. एका बाजूनं खरबरीत फळी आत सरकवायची. आत पाती लावलेला रूळ गरगर फिरत असतो, तो वरची साल काढतो, आणि दुसऱ्या बाजूनं फळी गुळगुळीत, सगळीकडे सारख्या जाडीची बाहेर येते. हाताच्या रंध्याला दोन दिवस लागतात ते काम दोन मिनिटांत. जालन्यात मस्तगडला पेंडीच्या जुन्या गोदामात आम्ही चाळीसेक जणांनी वर्गणी काढून सामाईक सुतारशाळा उघडली, तिथं हे मशीन आहे. आमच्यात शिक्षक आहेत, औषधांचे दुकानदार आहेत, एक होमिओपॅथ आहे. सुतार एकही नाही. सगळ्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेले आहेत.

उद्घाटनाला पाहुण्यांनी मशीनला झेंडूचा हार घातला आणि कौतुकानं बटण दाबलं. या मशीननं रंधलेली पहिली वस्तू तो हार. पाहुण्यांच्या सफारीवर पडलेला झेंडू मात्र सगळीकडे सारख्या जाडीचा होता. दुसऱ्या दिवशी भिंतीवर नियम लागले, आष्टीचे सुग्रीव मिस्त्री देखरेखीला आले आणि संगणकाचे क्लास घेणाऱ्या भावनाताई सचिव झाल्या.

आता सासूबाई.

(क्रम चुकतोय हे मला कळतं. पण सासूबाई मशीनच्या आधी घ्याव्यात की नंतर, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.)

माझ्या सासूबाई दुर्गाबाई, मुक्काम पिंपळगाव रेणुकाई. मुलगा नाही, तृप्ती एकटीच. हिवाळ्यात त्या अंगणात दोनदा पडल्या, तेव्हा तृप्तीनं त्यांना जालन्याला आणलं. त्या आल्या, पण राहायला तयार होईनात. आमच्याकडे दोन पलंग आहेत. त्या सतरंजी टाकून जमिनीवर झोपू लागल्या. डॉक्टर म्हणाले, गुडघे जातील. सासूबाई म्हणाल्या, गुडघे माझे आहेत.

"लेकीच्या घरी आठ दिस पाव्हणी," त्या म्हणाल्या. "त्याच्या वर राह्यचं तर तिथं माझं कायतरी पाह्यजे. जावयाच्या पलंगावर म्या न्हाई झोपत."

तृप्तीनं विचारलं, मग तुझं काय आणू? त्यांनी सांगितलं: अंगणातला लिंब, म्हणजे कडुलिंब. गेल्या पावसाळ्याआधीच्या वादळात तो पडला होता आणि तसाच आडवा होता. त्याचा दिवाण झाला तर त्या राहतील. नाही तर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांना गाडीत बसवून द्यायचं. एकटं राहायला, त्याच अंगणात.

तृप्ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी घासत बसली. भांडी आधीच घासलेली होती. मी बाहेरून म्हणालो, दिवाण मी करतो. बावीस वर्षांच्या संसारात मी हातानं केलेली वस्तू म्हणजे एक वहीचं कव्हर, तेही कुणी तरी पावसात नेलं. पण म्हणालो.

झाड भोकरदनच्या वखारीत कापून आणलं. वखारवाला कापताना दोनदा थांबला, पातं बदललं आणि "लई जिद्दी लिंब हाय" असं पुटपुटला. भाव वाढवायची ही जुनी पद्धत आहे हे ओळखून मी आकाशाकडे पाहत राहिलो.

"सदस्य क्र. ३१ यांनी सुरक्षा प्रशिक्षण पूर्ण केले."

पूर्ण केले म्हणजे, दुसऱ्या खेपेला. सुग्रीव मिस्त्रींनी आधी दोन्ही पंजे आमच्यासमोर धरले आणि मोजायला सांगितलं. आम्ही मोजले. दहा. "चाळीस वर्सं मशीनीवर," ते म्हणाले. "हीच माही डिग्री." मग नियम. बाही घट्ट. गळ्यात गमछा नको, बोटात अंगठी नको, मनगटात धागा नको. हातभर लांबीपेक्षा आखूड तुकडा आत घालायचा नाही, तो रुळांमध्ये फिरतो. एका वेळी एक मिलिमीटर, घाई असेल त्यानं घरी जावं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फळीच्या मागं उभं राहायचं नाही, बाजूला.

"मशीन लाकूड खाती," सुग्रीव मिस्त्री म्हणाले, "पण घास आवडला न्हाई तर थुंकती. थुंकायच्या वाटंत उभं राहू नका."

यावर भावनाताईंनी दहा मार्कांची लेखी परीक्षा घेतली. प्रश्न चौथा: चालू मशीनमध्ये अडकलेला तुकडा कसा काढाल? मी काठीची लांबी, कोन आणि बल यांवर अर्धं पान लिहिलं, आकृती काढली. उत्तर होतं: काढू नये, मशीन बंद करावी. मला चार मार्क पडले आणि खाली लाल शाईत "मुद्देसूद लिहा". हा शेरा मी एकवीस वर्षं दुसऱ्यांच्या पेपरवर मारत आलोय. आमचे शेजारी सर्जेराव, कृषी खात्यातून निवृत्त, सुतारशाळेचे सदस्यसुद्धा नाहीत, नुसते माझ्यासोबत आले होते. त्यांनी बाकावर बसून तोंडी उत्तरं दिली. नऊ.

धाग्याचा प्रश्न राहिला. सासूबाईंनी रेणुकामातेचा धागा माझ्या मनगटात बांधला होता, तो कापता येईना. सर्जेरावांनी सुचवलं दंडात सरकवा. दंडात तो मावेना. पायात देवाचा धागा बांधत नाहीत. गळ्यात नियमात बसत नाही. शेवटी सुग्रीव मिस्त्रींनी गाठ सोडली आणि तो मशीनच्या पायाला बांधला. त्यामुळे पुढे जे झालं त्यात मशीनला संरक्षण होतं, मला नव्हतं.

"लाकडात धातू आहे का? — नाही. तपासण्याची पद्धत — मालकास विचारले. चुंबकाने खात्री केली."

ही नोंद माझ्या सहीची आहे. ती मी पुन्हा वाचत नाही.

मालकास विचारलं ते असं. सासूबाई तूर निवडत होत्या. मी म्हणालो, मामी, त्या झाडात कधी कुणी खिळा-बिळा ठोकलाय का? त्यांचा हात सुपात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"कोन कशाला ठोकील बापा?"

प्रश्नाला प्रश्नानं दिलेल्या उत्तराला विज्ञानात उत्तर म्हणत नाहीत. मी 'नाही' असं लिहून घेतलं.

चुंबकाची गोष्ट अशी की जालना हे लोखंडाचं गाव. अर्ध्या गावाचं पोट सळईवर चालतं. भंगाराच्या यार्डात म्हैस उचलतील एवढी चुंबकं लटकलेली असतात. मी मात्र शाळेच्या प्रयोगशाळेतलं पट्टीचुंबक आणलं, कारण त्याच्यावर उत्तर-दक्षिण लिहिलेलं आहे आणि त्यानं काम शास्त्रीय दिसतं. हे चुंबक मी शाळेत लागलो तेव्हा टाचणी उचलायचं. अलीकडे ते टाचणीकडे नुसतं पाहतं. ते मी सगळ्यांसमोर चारही फळ्यांवरून सावकाश फिरवलं. कुठेही चिकटलं नाही. दोघांनी टाळ्या वाजवल्या.

सुग्रीव मिस्त्री तिसऱ्या फळीशी वाकले. तिच्यावर मधोमध काळे निळसर ठिपके होते. "सर, हे काळं काय हाय?"

"नैसर्गिक गाठी."

"गाठी अशा एका जागी घोळका करून राह्यतात?"

"राहतात," मी म्हणालो. मी शिक्षक आहे. 'माहीत नाही' म्हणायचा मला सराव नाही.

पहिल्या दोन फळ्या लोण्यासारख्या गेल्या. लिंबाचा भुसा हवेत इतका भरला की गोदामातला चहा कडू झाला, बिस्किटं कडू झाली, होमिओपॅथ आपलेच ओठ चाटून पाहू लागले. पाडव्याचा प्रसाद उशिरा आला असं कुणी तरी म्हणालं. मी कानावर आवाज अडवणारी ती गोल टोपणं घालून, बाजूला उभा राहून, एकेक मिलिमीटर चाक फिरवत होतो, आणि मला वाटत होतं की माझ्यात एक सुतार इतकी वर्षं उगाच खडूनं लिहीत राहिला.

तिसरी फळी. सर्जेराव फळी सरळ जाते का ते पाहायला आले. सरळ पाहायचं तर माणूस मागेच उभा राहतो. मी हातानं बाजूला व्हा अशी खूण केली. त्यांनी हात हलवून मला शुभेच्छा दिल्या. मागच्या भिंतीवर नियमांचा फलक होता. सर्जेराव थुंकण्याच्या नियमाला पाठ टेकून उभे होते. ज्या प्रश्नाला त्यांना पूर्ण मार्क मिळाले होते, तोच नियम.

कानावर टोपणं असूनही मला आवाज ऐकू आला. कुणी पितळेचं पातेलं खडकावर घासावं तसा. आतून ठिणग्या उडाल्या, फळी थरथरली आणि आली तशी परत गेली. सर्जेरावांच्या मांडीवर आडवी बसली आणि त्यांना घेऊन भुशाच्या ढिगात गेली. मी दोन्ही हात वर करून उभा होतो, बँकेवर दरोडा पडल्यासारखा. लाल बटण भावनाताईंनी दाबलं.

सर्जेरावांना चार दिवस एका बाजूनंच बसता येत होतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत, फळी सरळच जात होती.

सुग्रीव मिस्त्रींनी फळी उजेडात नेली, काळा ठिपका छिन्नीनं जरा उकरला आणि मला बोलावलं. खिळ्याचं डोकं. शेजारच्या ठिपक्यात दुसरं. त्यांनी मोजले. चौदा. "सर," ते म्हणाले, "तुमच्या गाठीला गंज आलाय."

समितीची बैठक लगेच भरली. निर्णय झाला: नवी पाती मी बसवून द्यायची, आणि आखाजीच्या आत एकूण एक खिळा निघाला तरच ती फळी मशीनवर घ्यायची, नाही तर चारही फळ्या उचलून न्यायच्या. आखाजीला सहा दिवस होते. फळी चार हातांची, मधली. तिच्याशिवाय दिवाण म्हणजे दोन बाक झाले असते.

दुसऱ्या दिवशी सुग्रीव मिस्त्री पक्कड घेऊन बसतात न बसतात तोच दारात रिक्षा थांबली. सासूबाई उतरल्या, मागून तृप्ती. सासूबाई सरळ आल्या आणि फळीवर मांडी घालून बसल्या.

"एक बी खिळा निघायचा न्हाई."

खिळे दिसलेच होते, म्हणून मग उलगडा झाला. पिंपळगावात कुणाची दाढ दुखली की तो आमच्या सासूबाईंकडे यायचा. त्या दुखऱ्या दाढेला खिळा लावायच्या आणि तो खिळा लिंबात ठोकायच्या. कळ झाडात जायची. अट एकच: खिळा काढायचा नाही आणि खिळा आहे हे तोंडानं बोलायचं नाही. बोललं की कळ ढिली होते, काढला की घरी परत जाते. म्हणजे तूर निवडताना त्या माझ्याशी खोटं बोलल्या नव्हत्या. गावातल्या चौदा जणांचे जबडे सांभाळत होत्या.

मी घसा साफ केला. मी म्हणालो, मामी, मज्जातंतू नावाची गोष्ट असते, झाडाचा आणि दाढेचा काही संबंध—

"तुमच्या चुंबकाला तरी कुठं कळलं?" सासूबाई म्हणाल्या.

होमिओपॅथांनी माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं, ते मला जास्त लागलं.

तृप्ती आईच्या शेजारी टेकली. तिचा चेहरा मला दिसत होता: फळी गेली की दिवाण गेला, दिवाण गेला की आई गेली. ती म्हणाली, आई, मंग कसं करायचं? सासूबाई म्हणाल्या, काई न्हाई करायचं, मला गाडीत बसवून दे.

तेव्हा सुग्रीव मिस्त्रींनी पक्कड खाली ठेवली आणि एखाद्या थोरल्या मिस्त्रीला विचारावं तसं विचारलं, "आजी, ज्याचा दातच पडला, त्याच्या खिळ्याचं काय?"

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. जालन्यात आल्यापासून त्यांना त्यांच्या धंद्यातला प्रश्न कुणी विचारला नव्हता. फळीवर बोट टेकवून त्या म्हणाल्या, "दातच न्हाई तर कळ जाईन कुठं?"

भावनाताईंनी लगेच तक्ता आखला: खिळा, मालक, दाढ, सद्यस्थिती. (मी तक्ता इथे देत नाही. त्यात काही मंडळींची तोंडं आहेत.) तृप्तीच्या मोबाइलवरून पिंपळगावला फोन सुरू झाले, स्पीकर लावून. सासूबाई खिळ्यावर अंगठा ठेवून, वाकडा आहे की सरळ, मोठा की बारीक, हे चाचपून मालक सांगत. पहिला खिळा आशाबाईंचा.

"आशाबाई, तुही ती डाव्या अंगाची दाढ हाय का गं?"

"कवाच पडली मावशे. आता समदी कवळी हाय."

"मंग काढते."

पक्कड. कर्रर. एक. माजी सरपंच शिवाजीराव स्पीकरवर म्हणाले, माझे बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत. मागून त्यांच्या बायकोनं सांगितलं, वाटीत हायेत. दोन. करण नावाचा गृहस्थ आता पुण्यात कंपनीत आहे. दाढ आहे की गेली त्याला आठवेना, म्हणून त्यानं व्हिडिओ कॉलवर जबडा उघडला आणि गोदामातले बारा जण मोबाइलवर वाकले. गेली होती. गेलेल्या माणसांचे खिळे सासूबाईंनी स्वतः काढायला सांगितले. जो गेला तो दातासकट गेला, असं त्यांचं मत पडलं. दुपारपर्यंत तेरा खिळे वाटीत जमा झाले. प्रत्येक खिळ्यागणिक तृप्तीचा चेहरा उजळत होता. सासूबाईंचा मात्र उतरत होता, आणि ते मला उशिरा दिसलं. त्या फळीवरून हात फिरवत होत्या. जिथं जिथं अंगठा थांबायचा तिथं आता नुसती भोकं होती.

चौदावा खिळा जरा बाजूला होता. त्यावर त्यांनी अंगठा ठेवला आणि फोन करा म्हणाल्या नाहीत.

"हा तुमचा," त्या मला म्हणाल्या.

पहिल्या दिवाळसणाला मी पिंपळगावला गेलो होतो तेव्हा माझा उजवा गाल सुजला होता. समोर अनारसे होते आणि मी कोमट पाणी पीत होतो. पहाटे कधी तरी त्यांनी माझ्या गालाला काही तरी थंडगार लावल्याचं आठवतं. मी झोपेत होतो. सकाळी कळ थांबली. श्रेय मी दोन गोळ्यांना दिलं होतं, आणि पुढे बावीस वर्षं त्या गोळ्यांचं नाव लोकांना सुचवत आलो.

"दाढ हाय ना?" सासूबाईंनी विचारलं.

सुग्रीव मिस्त्रींनी पक्कड उचलली. भावनाताईंनी पेन टेकवला. माझी जीभ आपोआप उजवीकडे मागे गेली. तिथं खड्डा आहे. अकरा वर्षांपूर्वी ती दाढ मी काढून घेतली. दवाखान्यात तृप्तीनं माझा चष्मा धरला होता. ती माझ्याकडे पाहत होती. नियमानं खिळा मोकळा होता. मी 'नाही' म्हणायचं, कर्रर, आणि फळी मशीनवर. गुळगुळीत, स्वच्छ, सगळीकडे सारख्या जाडीची, कुठल्याही दुकानातल्यासारखी.

सासूबाईंचा अंगठा खिळ्यावरून हलला नव्हता.

"हाय," मी म्हणालो.

"बराबर हाय?"

"बिलकुल. त्याच दाढेनं खातो."

तृप्तीनं मान खाली घातली आणि पदरानं नाक पुसलं. हसत होती की काय, मला कळलं नाही. सुग्रीव मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, खिळा असलेली फळी मशीनवर जाणार न्हाई, म्या हातानं रंधतो, खिळ्याच्या भवती दोन बोटं खरबरीत राह्यलं तर चालंल का? हे त्यांनी मला नाही, सासूबाईंना विचारलं. सासूबाई म्हणाल्या, चालंल, पन ती फळी भिंतीच्या अंगाला घ्या, निजल्या निजल्या हात पोचला पाह्यजे. खिळा ढिला व्हाया लागला की कळ परत येती. कुनीतरी रोज बघाया लागतं.

"आई, मंग तुला राह्यावंच लागंल की," तृप्ती म्हणाली.

"आता काय करता," सासूबाई वैतागून म्हणाल्या. "माझ्या मागं हे एक काम लावून ठेवलं ह्यांनी."

भावनाताईंची शेवटची नोंद: "एक खिळा सदस्याच्या विनंतीवरून जागेवर ठेवला. कारण —" पुढे कोरं आहे. त्यांनी मला दोनदा विचारलं. मी मुद्देसूद काही सांगू शकलो नाही.

दिवाण झाला. एका बाजूला जरा डुगडुगतो, तिथं माझं काम आहे. सासूबाई त्यावर झोपतात. सकाळी उठल्यावर आधी भिंतीकडचा खिळा चाचपतात आणि मग मला विचारतात, दाढ कशी हाय. मी म्हणतो, बराबर. त्यांच्यासमोर मी डाव्या बाजूनं गुपचूप चावतो आणि उजवा गाल हलवत ठेवतो. जांभई आली तर गॅलरीत जातो. मोठ्यानं तर हसतच नाही. आमच्या कॉलनीत बोललं जातं की सासूसमोर इतक्या मर्यादेनं वागणारा जावई आता बघायला मिळत नाही.